न्यूट्रल आणि जमीन : एका सांध्याचा इतिहास

विजेच्या इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे एडिसनचा दिवा उभा राहतो, फार तर नायगाऱ्याचा धबधबा. आम्ही आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती यांच्या मानाने अगदीच क्षुद्र आहे. अमेरिकेतल्या कोणत्याही घराच्या मुख्य पॅनेलचे, म्हणजे आपण ज्याला मेनबोर्ड म्हणतो त्याचे, झाकण उघडले तर आत एक हिरवा स्क्रू किंवा बोटभर लांबीची धातूची पट्टी आढळते. न्यूट्रलच्या तारा जेथे एकत्र येतात तो दांडा आणि पॅनेलची पत्र्याची पेटी यांना हा स्क्रू एकमेकांशी सांधतो. हा सांधा एकाच ठिकाणी असावा लागतो. तो मुळीच नसला तर माणूस मरू शकतो आणि दोन ठिकाणी असला तरीही मरू शकतो. जुने पॅनेल काढून नवे बसविताना सर्वांत अधिक चुका होतात त्या याच ठिकाणी.

या चुकांच्या मुळाशी एक समजूत आहे आणि ती केवळ अमेरिकेतली नव्हे. आपल्याकडेही घर बांधताना अंगणात खड्डा खणतात, त्यात तांब्याची किंवा लोखंडाची पत्री पुरतात, कोळसा व मीठ घालतात, उन्हाळ्यात वर पाणी ओततात आणि ‘अर्थिंग केले’ म्हणून निर्धास्त होतात. कल्पना अशी, की यंत्रात बिघाड झाला तर वीज त्या खड्ड्यात जाते आणि पाणी मुरावे तशी जमिनीत मुरते. उपमा सोयीची आहे, पण खोटी आहे. वीज जमिनीत मुरत नसते. ज्या ट्रान्सफॉर्मरमधून ती निघाली त्याच्याकडे परत जाण्याची वाट ती शोधीत असते, आणि जमीन ही त्या वाटांपैकी एक व बहुधा सर्वांत वाईट वाट असते. एवढे एक सूत्र हाती धरले की पुढचा सगळा इतिहास उलगडतो.

आरंभी न्यूट्रल नावाची तारच नव्हती. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील एडिसनचे वीजगृह सुरू झाले, तेव्हा त्याची योजना सरळ दोन तारांची होती. वीज एका तारेने जावयाची व दुसरीने परत यावयाची, आणि दाब सुमारे ११० व्होल्ट. अडचण होती तांब्याची. दाब कमी म्हणून प्रवाह मोठा आणि प्रवाह मोठा म्हणून तारा जाड. मैलभर अंतरावर वीज न्यावयाची तर तांब्याच्या किमतीनेच धंदा बुडावयाचा. यावर इंग्लंडात जॉन हॉपकिन्सन आणि अमेरिकेत एडिसन यांनी जवळजवळ एकाच सुमारास तोच उपाय शोधला. दोन जनित्रे एकापुढे एक जोडावयाची, बाहेरच्या दोन तारांत २२० व्होल्ट ठेवावयाचे, आणि मधून तिसरी तार काढावयाची. दिवे बाहेरची एक तार व ही मधली तार यांच्यामध्ये लावले म्हणजे त्यांना ११० च मिळतात. दोन्ही बाजूंचे ओझे सारखे असेल तर मधल्या तारेतून काहीच वाहत नाही. एका बाजूस ४० अँपियर व दुसऱ्या बाजूस २५ असतील तर तिच्यातून फक्त फरकाचे १५ वाहतात. तिन्ही तारा सारख्या जाडीच्या धरल्या तरी पूर्वीच्या तीन अष्टमांश तांब्यात तेवढेच काम होऊ लागले. ४ जुलै १८८३ रोजी पेनसिल्व्हेनियातील सन्बरी या गावी या पद्धतीचे वीजगृह चालू झाले. दोन्ही पक्षांत न मोडणारी म्हणून या मधल्या तारेला न्यूट्रल, म्हणजे तटस्थ, हे नाव पडले. तिच्या जन्माला सुरक्षिततेचा विचार कारण झाला नव्हता, काटकसर झाली होती. अमेरिकेतल्या घरात आजही दोन फेज व एक न्यूट्रल येतात, फेज-फेज २४० व्होल्ट आणि फेज-न्यूट्रल १२० व्होल्ट. दाब उलटसुलट होणारा झाला, पण मांडणी १८८३ चीच आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न उभा केला तो ट्रान्सफॉर्मरने. १८८६ मध्ये विल्यम स्टॅन्ली यांनी मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन येथे ट्रान्सफॉर्मरच्या साहाय्याने गावाला वीज पुरवून दाखविली. त्यानंतर हजार-दोन हजार व्होल्टच्या तारा शहरांतून धावू लागल्या. घराजवळच्या खांबावर तो दाब उतरवावयाचा व घरात सौम्य वीज द्यावयाची, अशी ही व्यवस्था. पण उच्च दाबाची गुंडाळी आणि घरगुती दाबाची गुंडाळी या ट्रान्सफॉर्मरच्या एकाच पेटीत शेजारीशेजारी असतात. त्यांच्यामधले आवरण जळाले, किंवा वादळात वरची तार खालच्या तारेवर पडली, तर घरातल्या दिव्याच्या बटणापर्यंत दोन हजार व्होल्ट येऊन उभे राहणार, आणि दिसावयास काहीच दिसणार नाही.

निरुपद्रवी तारेत दुरून येऊन मृत्यू कसा बसतो, हे न्यूयॉर्ककरांनी डोळ्यांनी पाहिले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी वेस्टर्न युनियन या तारकंपनीचा जॉन फीक्स हा कामगार खांबावर चढून तारायंत्राच्या तारा काढीत होता. तारायंत्राची तार म्हणजे हात लावावयास हरकत नसलेली तार. पण ती बऱ्याच अंतरावर एका उच्च दाबाच्या तारेला चिकटली होती. फीक्स तारांच्या जाळ्यातच अडकून मरण पावला आणि भर रस्त्यावर शेकडो लोकांच्या देखत त्याचा देह बराच वेळ तेथेच लोंबकळत राहिला. त्यानंतर उसळलेल्या क्षोभात शहराने असल्या पुष्कळशा तारा तोडून टाकविल्या. ही तार ट्रान्सफॉर्मरची नव्हती हे खरे, पण धोक्याची जात तीच होती.

यावर उपाय एलिहू टॉमसन यांच्यासारख्या जाणत्या अभियंत्यांनी सुचविलेलाच होता. घरगुती दाबाच्या गुंडाळीचा एक बिंदू जमिनीशी पक्का जोडून टाकावा. असे केले म्हणजे उच्च दाब खाली आला तरी त्याला तेथेच वाट मिळते, वरचा फ्यूज उडण्याचा संभव वाढतो, आणि घरातील तारा जमिनीच्या मानाने हजारो व्होल्ट वर चढू शकत नाहीत.

उपाय इतका सरळ असता तो मान्य व्हावयास जवळजवळ पाव शतक का लागले? विरोध करणारे अडाणी नव्हते. आगीच्या विम्याच्या कंपन्यांची माणसे होती ती, आणि त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. ते म्हणत, तारा जमिनीपासून संपूर्ण अलग ठेवल्या तर एखाद्या ठिकाणी आवरण झिजून तार नळाला लागली तरी काही बिघडत नाही. आग लागण्यासाठी दोन ठिकाणी दोष व्हावा लागेल. न्यूट्रल जमिनीला बांधलीत की पहिल्याच दोषाला ठिणगी. म्हणजे इमारतीचे निम्मे संरक्षण तुम्ही आपल्या हाताने काढून टाकता. १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निविमा मंडळाने एडिसन पद्धतीतील न्यूट्रल जमिनीशी जोडण्याची प्रथा धोक्याची ठरविली आणि ती बंद व्हावी असे मत दिले.

आमच्या मते या युक्तिवादात एकच खोट होती, पण ती मोठी होती. अलग ठेवलेल्या व्यवस्थेत पहिला दोष घडतो तेव्हा कोणालाच कळत नाही. दिवे लागतात, यंत्रे चालतात, महिने लोटतात. चोर घरात शिरून माळ्यावर दडून बसला आहे आणि घरधनी ‘कडी शाबूत आहे’ म्हणून झोपला आहे, तशातला हा प्रकार. दुसरा दोष आला की एकदमच भडका. शिवाय विमेवाल्यांच्या हिशेबात इमारत होती, पण दिव्याचे बटण दाबणारे माणूस त्यात पुरेसे नव्हते.

त्या काळी अमेरिकेत विजेच्या कामाच्या पाच निरनिराळ्या नियमावल्या चालू होत्या. मार्च १८९६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्सिस क्रॉकर यांच्या अध्यक्षतेखाली सर्व पक्ष न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसले आणि १८९७ मध्ये राष्ट्रीय विद्युत् नियमावलीची पहिली आवृत्ती निघाली. १९११ पासून ती राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघाकडे आहे. जमिनीशी जोडण्याचा प्रश्न आरंभीच्या आवृत्त्यांत लोकांच्या मर्जीवरच होता. १९१३ च्या आवृत्तीने मात्र वाद मिटविला. घरगुती पुरवठ्यात जमिनीच्या मानाने दाब १५० व्होल्टपेक्षा जास्त होणार नाही अशा रीतीने जोडता येत असेल, तर ती जोडणी सक्तीची झाली. आगीपासून बचाव करणाऱ्यांच्याच नियमावलीने, आगीच्या भीतीने नाकारलेली गोष्ट बंधनकारक केली.

आता जमिनीशी जोडावयाचे ते कशाला? शहरात याचे उत्तर तयार होते : पाण्याचा नळ. मैलोगणती लोखंडी नळ जमिनीत पुरलेले, सगळ्या घरांना जोडलेले. याहून चांगला संबंध कोठे मिळणार? पाणीपुरवठ्याची मंडळी मात्र यावर खूष नव्हती. रुळांतून परतणारा ट्रॅमचा प्रवाह वाट सोडून त्यांच्या नळांत शिरतो आणि जेथून बाहेर पडतो तेथे नळ खातो, हा अनुभव त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आला होता. घरगुती प्रवाहाबद्दलही त्यांना धास्ती वाटली तर नवल नाही. आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. एखाद्या घराकडे येणारी न्यूट्रल बाहेर तुटली तर त्या घराचा प्रवाह नळातून शेजाऱ्याच्या घरी, तेथून त्याच्या न्यूट्रलवरून ट्रान्सफॉर्मरला परत जातो. दिवे नीट जळत राहतात. पुढे कधीतरी नळदुरुस्तीवाला तो नळ कापतो, दोन तुकडे दोन हातांत येतात, आणि तुटलेली वाट त्याच्या छातीतून पुरी होते. काळाच्या ओघात नळच प्लॅस्टिकचे होऊ लागले आणि भूमीशी असलेला संबंध कोणाच्या ध्यानीमनी नसताना तुटू लागला. म्हणून १९७८ पासून नियमावलीने नुसत्या नळावर विसंबण्यास मनाई केली; जोडीला आणखी एक भूमिसंबंध पाहिजे असे ठरले.

वाळवंटात तर ओली जमीनच नाही. दुसऱ्या महायुद्धात ॲरिझोनात दारूगोळ्याची कोठारे बांधताना विजेपासून बचावाचा प्रश्न आला, तेव्हा हर्बर्ट उफर यांनी पायाच्या काँक्रीटमध्ये पुरलेल्या पोलादालाच भूमिसंबंध मानले. काँक्रीट आजूबाजूचा ओलावा धरून ठेवते. सुमारे वीस वर्षांनी मोजमाप घेतले तेव्हाही ते संबंध उत्तम निघाले. हल्ली नव्या अमेरिकन घराचा पायाच त्याचे अर्थिंग असतो.

पण इथवर आलो तरी आपण मुख्य मुद्द्यापाशी पोचलो नाही, कारण ट्रान्सफॉर्मरची न्यूट्रल जमिनीला जोडणे ही एक गोष्ट आणि घरातल्या यंत्रांच्या धातूच्या पेट्या न्यूट्रलशी सांधणे ही दुसरी. दोहोंना ‘अर्थिंग’ हे एकच नाव पडल्यामुळे भल्याभल्यांचा घोटाळा होतो. थोडा हिशेब करू.

समजा कपडे धुण्याच्या यंत्रात फेजची तार पत्र्याला लागली. पत्र्यापासून हिरवी किंवा उघडी तार पॅनेलपर्यंत येते. पॅनेलमध्ये आमचा तो सांधा आहे असे धरा. मग वाट अशी : फेज, पत्रा, हिरवी तार, सांधा, न्यूट्रल, ट्रान्सफॉर्मर. सगळी तांब्याची व ॲल्युमिनियमची. तिचा एकूण रोध ०.४ ओहम धरला तरी १२० भागिले ०.४ म्हणजे ३०० अँपियर वाहतील, आणि १५ अँपियरचा ब्रेकर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उडेल. यात जमिनीचा कोठे संबंध आला? मुळीच नाही. अंगणातली सळई उपटून फेकली तरी ब्रेकर उडेलच.

आता सळई शाबूत ठेवा आणि सांधा काढा. प्रवाहाला सळईतून जमिनीत, जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या सळईकडे असे जावे लागेल. एकट्या सळईचा रोध २५ ओहमपेक्षा जास्त निघाल्यास दुसरी सळई ठोकावी असा अमेरिकन नियम आहे. म्हणजे २५ हा तेथे चांगला आकडा समजला जातो. १२० भागिले २५ म्हणजे पुरते ५ अँपियरही नाहीत. पंधराच्या ब्रेकरला त्याची दखलही लागणार नाही. यंत्राचा पत्रा सुमारे शंभर व्होल्टवर दिवसच्या दिवस उभा राहील आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिलेल्या माणसाची वाट पाहील. बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी माणसांवर केलेल्या सावध प्रयोगांवरून दिसते की सुमारे १६ मिलिअँपियरला सामान्य पुरुषाचा व १०.५ ला सामान्य स्त्रीचा हात तारेवरून सुटेनासा होतो. कोठे हे मिलिअँपियर आणि कोठे पंधरा अँपियर!

सांधा नसेल तर असे. दोन ठिकाणी असेल तर? समजा मुख्य पॅनेलात तो आहे आणि पुढे गॅरेजातल्या दुय्यम पॅनेलातही कोणी ‘अधिक बरे’ म्हणून बसविला. मग न्यूट्रलमधून परतणारा रोजचा प्रवाह दोन वाटांनी वाटला जातो. थोडा न्यूट्रलमधून, थोडा हिरव्या तारेतून, पाइपांतून, गॅसच्या नळीतून. आणि दोन पॅनेलांमधली न्यूट्रल सैल झाली की सगळाच भार त्या धातूंवर येतो. ज्या पत्र्यावर कधीही वीज असू नये म्हणून हा खटाटोप केला, तोच पत्रा आता प्रवाहाचा रस्ता होतो.

आपल्याकडची व्यवस्था वेगळी आहे हे येथे सांगितले पाहिजे, नाहीतर कोणी घरी जाऊन स्क्रू शोधू लागेल. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनी वीजगृहात व उपकेंद्रात न्यूट्रल निदान दोन स्वतंत्र जोडण्यांनी जमिनीशी बांधावयास सांगितले. २०१० मध्ये त्या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. पण घरात ग्राहकाने आपल्या हाताने न्यूट्रल व अर्थिंग जोडावयाचे नसते. जेथे सगळी भिस्त अंगणातल्या खड्ड्यावर आहे तेथे हिशेब करून पाहा : २३० व्होल्ट, खड्ड्याचा रोध १० ओहम, प्रवाह २३ अँपियर. सोळाचा ब्रेकर त्यावर लगेच उडत नाही. म्हणूनच गळती ओळखणारे उपकरण, आपले आरसीसीबी, येथे चैनीची वस्तू नव्हे. जाणारा व परतणारा प्रवाह ते ताडून पाहते आणि फरक दिसला की तोडते. अमेरिकेत याच तत्त्वावरचे, ५ मिलिअँपियरच्या सुमारास तोडणारे उपकरण डालझील यांनीच १९६१ मध्ये सिद्ध केले. घरात न्यूट्रल व अर्थिंग भलत्या ठिकाणी एकमेकांना लागलेली असली तर हे उपकरण वारंवार उडते, आणि पुष्कळदा तारेतला दोष न शोधता उपकरणच काढून टाकले जाते.

अमेरिकेच्या नियमांनी स्वतःच एक अपवाद करून ठेवला होता. १९४२ मध्ये युद्धामुळे तांब्याची टंचाई झाली, तेव्हा विजेच्या शेगडीची पेटी वेगळ्या तारेऐवजी न्यूट्रललाच जोडण्याची मुभा मिळाली. युद्ध संपले, मुभा राहिली. पुढे कपडे वाळविण्याच्या यंत्रांनाही मिळाली. ती नव्या कामांसाठी बंद झाली १९९६ मध्ये. सरकारी ‘तात्पुरते’ किती काळ टिकते याचा आपणांस अनुभव आहेच, तेथेही तेच. जुन्या घरांतल्या तशा जोडण्या मात्र कायम आहेत, आणि त्यांत न्यूट्रलवर आवरण नसलेली केबल असेल तर ती मुख्य पॅनेलातूनच निघालेली असली पाहिजे अशी अट आहे.

ही अट पॅनेल बदलताना कशी अंगावर येते पाहा. घराला आग लागली तर अग्निशामकांना बाहेरूनच वीज तोडता यावी म्हणून २०२० च्या नियमावलीने एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी बाहेरचा स्विच आवश्यक केला. २०२३ च्या आवृत्तीने मुख्य उपकरण बदलतानाही ते लागू केले. आता जुन्या घराचा मालक नवे पॅनेल घेतो आणि मीटरशेजारी हा स्विच बसतो. तो स्विच ‘मुख्य’ ठरला तर सांधा त्याच्यात गेला पाहिजे. आतल्या पॅनेलचा हिरवा स्क्रू काढला पाहिजे, न्यूट्रल व अर्थिंगचे दांडे वेगळे केले पाहिजेत, बाहेरून आत तीन ऐवजी चार तारा ओढल्या पाहिजेत, आणि शेगडीची ती युद्धकाळची जोडणी एका क्षणात नियमबाह्य झाली. घरातली एकही तार हलली नसताना तिचा अर्थ बदलला.

तो स्विच मुख्य नसून नुसता तोडण्यापुरता आहे असे मानण्याचीही सोय आहे. मग सांधा आतच राहतो. दोहोंपैकी काय ते पाहणाऱ्यास कळावे म्हणून पेटीवर तसे लिहावे लागते. ‘आपत्कालीन स्विच, मुख्य स्विच’ अशी पाटी असेल तर सांधा बाहेर, आणि ‘मुख्य उपकरण नव्हे’ अशी असेल तर आत. २०२३ च्या नियमाप्रमाणे अक्षरे लाल पाटीवर पांढरी व निदान अर्धा इंच उंचीची असतात. पुढच्या खेपेस पॅनेल उघडणारा कारागीर आधी ही पाटी वाचतो आणि मग हिरवा स्क्रू शोधतो.